मशीन ठीक आहे, बड्डे

गणपतीचा सातवा दिवस. कार्यक्रमाला अर्धा तास उरला होता आणि माझ्या इफेक्ट प्रोसेसरमधून गिटार ऐकू येईना. आवाज पूर्ण गेला असता तरी चाललं असतं. पण विहिरीच्या तळातून यावा तसा नुसता प्रतिध्वनी येत होता, मूळ स्वर गायब. मी मेनूत शिरलो, पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, बदलले, घाम पुसला आणि शेवटी फॅक्टरी रीसेट मारून दोन महिने खपून बसवलेले सगळे आवाज स्वतःच्या हातानं पुसून टाकले. विहीर होती तशीच. मग साउंडवाला सावकाश चालत आला, मिक्सरमध्ये खोचलेली माझी केबल काढली आणि आपल्या पेटीतली दुसरी लावली. गिटार वाजली. "मशीन ठीक है, बड्डे," एवढं बोलून तो गेला. बड्डे म्हणजे आमच्या जबलपूरचा भाऊ, दादा, दोस्त आणि शहाणा, सगळं एकाच शब्दात. त्या दिवशी त्यातला कुठला अर्थ होता हे मला विचारावं लागलं नाही.

त्या केबलीचं गौडबंगाल पुढे सांगतो. तेव्हापासून रांझी-खमरियापासून राइट टाउनपर्यंतची पोरं प्रोसेसर काखोटीला मारून माझ्याकडे येतात, "काका, बिघडलाय" म्हणत. मी सगळ्यांना एकच सांगतो: बाहेरून आत जा. आधी वीज, मग वायर, मग मिक्सर आणि सर्वांत शेवटी मेनू. पोरं नेमकी उलटी जातात, कारण मेनू चकचकीत असतो आणि केबल मळकी.

साहित्य फार लागत नाही. प्रोसेसर कुठलाही चालेल: झूमचा जी-वन फोर, बॉसचा जीटी-वन, व्हॅलेटन, नक्स, मूअर, किंवा थोरल्या भावाकडून आलेला जुना झूम ५०५. गिटारच्या दोन केबली, त्यातली एक खात्रीची. कंपनीचा अडॅप्टर, चार एए सेल (यंत्र सेलवर चालत असेल तर), हेडफोन, साधा मल्टिमीटर, वही आणि पेन. वही विनोदासाठी सांगत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि आवाज आला, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमात तो पुन्हा भेटायला येतो.

१. अडॅप्टर वाचा.

हो, वाचा. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत व्होल्ट, मिलिअँपिअर आणि एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धगोल आणि दोन्हीकडे अधिक-उण्याच्या खुणा. बॉस आणि झूमच्या छोट्या प्रोसेसरना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्यांची मधली पिन ऋण असते. कीबोर्डवाल्या दादांचा यामाहाचा अडॅप्टर १२ व्होल्टचा, मधली पिन धन. वायफायच्या राउटरचे अडॅप्टरही बहुधा मधे धनच. पिन मात्र सारखीच दिसते आणि भोकात बसतेही. मांडवात अंधारात एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर पाच काळे अडॅप्टर लोंबकळत असतात, तिथे घात होतो. व्होल्ट आणि धन-ऋण तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिअँपिअर सांगितल्यापेक्षा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. कमी पडले की यंत्र सुरू होतं, पण मधेच स्वतःहून बंद-चालू होतं किंवा पडदा लुकलुकतो, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर बिघडलं.

यंत्र मेल्यासारखं दिसतंय? काही प्रोसेसर गिटारची पिन इनपुटमध्ये घातल्याशिवाय सुरूच होत नाहीत, सेल वाचावेत म्हणून तशी सोय असते. पिन घालून बघा. तरी गप्प असेल तर अडॅप्टर काढून नवे सेल घाला. सेलवर चाललं म्हणजे अडॅप्टर गेला. नवा अडॅप्टर यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त मिळतो.

२. केबल.

मल्टिमीटर शिट्टीवर ठेवा, म्हणजे दोन टोकं जोडली की तो वाजतो. एका पिनच्या टोकापासून दुसऱ्या पिनच्या टोकापर्यंत वाजला पाहिजे, बाहेरच्या धातूपासून बाहेरच्या धातूपर्यंत वाजला पाहिजे, आणि टोक व बाहेरचा धातू यांच्यात वाजता कामा नये. वाजत असताना केबल पिनजवळ हलवा. शिट्टी तुटत असेल तर आतला डाख सुटलाय. बूच उघडून डाख द्या. येत नसेल तर मढातालला जयंती कॉम्प्लेक्सच्या आसपास किंवा ओळखीच्या रेडिओवाल्याकडून करून घ्या. साच्यात ओतलेल्या, न उघडणाऱ्या पिनेची केबल मात्र सरळ टाकून द्या. माया करू नका.

३. गिटार थेट.

प्रोसेसर बाजूला ठेवा आणि खात्रीच्या केबलीनं गिटार सरळ अँपला किंवा मिक्सरला लावा. आवाज आला, निर्मळ आला, तर गिटार सुटली. खरखर इथेही असेल तर ती गिटारीच्या जॅकमध्ये किंवा व्हॉल्यूमच्या खुंटीत आहे. अकूस्टिक गिटारीत प्रीअँपचा ९ व्होल्टचा सेल असतो. तो उतरला की आवाज फाटतो आणि दोष प्रोसेसरच्या माथी जातो. मग प्रोसेसर मधे घ्या, पण सगळे इफेक्ट बंद करून. आवाज शुद्ध असेल तर इफेक्ट एकेक करून चालू करा. ज्याच्यावर घोटाळा होईल तो तुमचा चोर.

४. घरघर.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर ऐकू येते, म्हणजे खालच्या पट्टीतला सलग गुंजारव. तो कुठून येतो हे शोधायला तीन चाचण्या पुरतात.

पहिली: तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर गिटार ठीक आहे. आजूबाजूची वीज पिकअप पकडतोय. सिंगल कॉइल पिकअप तर पकडतातच. गिटार घेऊन जागच्या जागी फिरा, एका कोनात आवाज बराच खाली येईल. तिथेच उभे राहा, किंवा दोन कॉइलचा पिकअप निवडा. रोषणाईच्या डिमरपासून आणि खिशातल्या मोबाइलपासून दूर राहा.

दुसरी: प्रोसेसर सेलवर चालवा. घरघर गेली तर अडॅप्टर किंवा बोर्ड दोषी.

तिसरी: लॅपटॉप जोडला असेल तर त्याचा चार्जर काढा. त्या क्षणी शांतता झाली तर जमिनीची वायर दोन वाटांनी फिरतेय. यावर उपाय डीआय बॉक्स, म्हणजे प्रोसेसर आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी पेटी, जिच्यावर ग्राउंड तोडण्याचं बटण असतं. ते बटण फक्त आवाजाच्या वायरीतली जमीन तोडतं, म्हणून सुरक्षित आहे.

आणि इथे मी जरा आवाज चढवून बोलणार आहे. घरघर घालवायला प्लगची तिसरी, जाड पिन कधीही तोडू नका, तिच्यावर टेपही चिकटवू नका. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या. गिटार वाजवताना माइकला ओठ लागले आणि चिमटा बसला, तर तो विनोद नाही. गिटार आणि माइक यांच्यात विजेचा दाब आहे. १९७२ मध्ये 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून मंचावरच गेला. चिमटा बसला की वाजवणं थांबवा, वायरमनला बोलवा आणि लोकांना थांबू द्या. गणपती थांबतो.

५. बाहेर जाणारा आवाज.

विहीर इथेच होती.

प्रोसेसरच्या हेडफोनच्या भोकातून मी तीन भागांची स्टिरिओ केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली होती. हेडफोनच्या केबलीत टोकावर डावा आवाज असतो आणि मधल्या कडीवर उजवा. मिक्सरचं इनपुट बॅलन्स्ड असलं की ते टोक आणि कडी यांच्यातला फक्त फरक ऐकतं, कारण वाटेत दोन्हीत सारखीच शिरलेली घरघर वजा व्हावी अशी ती योजना आहे. आता गिटारचा मूळ स्वर दोन्हीकडे सारखाच असतो. म्हणजे तोच वजा झाला. डाव्या-उजव्यात वेगळे होते ते फक्त रिव्हर्ब आणि डीले, म्हणजे प्रतिध्वनीचे इफेक्ट. तेवढे उरले, आणि झाली विहीर. मिक्सरनं आपलं काम चोख केलं होतं, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून एकाच चॅनलमध्ये जायचं असेल तर प्रोसेसरच्या डाव्या, म्हणजे 'एल/मोनो' लिहिलेल्या भोकातून साधी दोन भागांची गिटार केबल घ्या. उजवं भोक मोकळं ठेवा. त्यात काही खुपसलं की यंत्राला वाटतं तुम्हाला स्टिरिओ हवंय आणि अर्धा आवाज तिकडे जातो. बाहेर जाण्यासाठी हेडफोनचंच भोक असेल, तर एक स्टिरिओ पिन आणि दोन मोनो पिना अशी वाय केबल घ्या आणि दोन चॅनल मागा. मिक्सर लांब असेल तर प्रोसेसरजवळ डीआय बॉक्स ठेवा. साउंडवाल्याला विचारून घ्या की तुमच्या चॅनलवर फँटम, म्हणजे माइकसाठी सोडलेला ४८ व्होल्टचा दाब, चालू आहे का. अॅक्टिव्ह डीआयला तो लागतो; बाकी वेळी बंदच बरा.

दुसरी गोष्ट, यंत्राला सांगा की तुम्ही त्याला कुठे जोडलंय. मिक्सरला जोडताना अँपच्या कपाटाची नक्कल, जिला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात, चालू हवी. ती बंद असेल तर डिस्टॉर्शन माशी घोंघावल्यासारखं लागतं. खऱ्या गिटार अँपला जोडताना ती बंद हवी, नाहीतर कपाटात कपाट होतं आणि आवाज गोधडीखालून येतो. बॉसच्या जीटी-वनमध्ये यासाठी 'आउटपुट सिलेक्ट' आहे. त्यात रोलंडच्या जेसी-१२० अँपपासून 'लाइन/फोन्स'पर्यंत पर्याय मिळतात. मिक्सरसाठी 'लाइन/फोन्स' ठेवा. "प्रोसेसरचा आवाज प्लॅस्टिकसारखा येतो" ही जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचं उत्तर बरेचदा या एका ओळीत असतं. महागडं यंत्र घ्यायच्या आधी ती बघा.

६. आवाजच नाही? पेडल दाबा.

अनेक पॅचमध्ये पायाचं पेडल व्हॉल्यूमला जोडलेलं असतं. टाच खाली असली की आवाज शून्य. पाय पुढे दाबा. पुरे. पेडल पूर्ण दाबूनही आवाज अर्धाच येत असेल, किंवा वाह बंद होत नसेल, तर यंत्राच्या पुस्तकात 'कॅलिब्रेशन' शोधा. टाच खाली, मग बोटं खाली, दोन्ही टोकं यंत्राला नव्यानं शिकवायची.

७. पट्टी.

प्रोसेसरमधला ट्यूनर ४४० हर्ट्झवर असतो. कुणीतरी चुकून ४३७ करून ठेवलं तर तुम्ही एकटे सुरात आणि बाकी सगळे बेसूर, असं वाटत राहतं. आमच्या शहरात उलटा प्रसंगही येतो. भजनाच्या कार्यक्रमात जुनी पेटी असते, तिचे सूर ४४० ला बांधलेले नसतात, आणि पेटी तर ऐन वेळी जुळवता येत नाही. तेव्हा पेटीचा एक सूर दाबून धरायला सांगा, ट्यूनरवर बघा आणि ट्यूनरचा मूळ आकडा त्याप्रमाणे सरकवा. बऱ्याच यंत्रांत ४३५ ते ४४५ एवढी जागा मिळते. नंतर परत ४४० वर आणायला विसरू नका, मी विसरलोय.

८. आता आवाज बसवा.

कंपनीचे तयार पॅच दुकानात हेडफोनवर भुरळ पाडण्यासाठी असतात. मांडवात ते कामाचे नाहीत. रिकामा पॅच घ्या आणि या क्रमानं लावा: कॉम्प्रेसर किंवा वाह, मग ओव्हरड्राइव्ह, मग अँप आणि कपाट, मग कोरस वगैरे, मग डीले, शेवटी रिव्हर्ब. नॉइज गेट ओव्हरड्राइव्हच्या आसपास ठेवा आणि फार घट्ट करू नका, लांब ओढलेला स्वर मधेच कापला जातो.

गेन तुम्हाला हवा वाटतो त्यापेक्षा एक तृतीयांश कमी ठेवा. मोठ्या आवाजात गिटार स्वतःच जाड ऐकू येते आणि जास्तीचा गेन नुसती शिट्टी आणतो. तसा फाटका आवाज मुळात बिघाडातूनच आलाय. १९६१ मध्ये गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिनचा बास एका बिघडलेल्या चॅनलमधून गेला आणि तो आवाज लोकांना एवढा आवडला, की १९६२ मध्ये तसा आवाज मुद्दाम काढणारं 'माइस्ट्रो फझ-टोन' पेडल बाजारात आलं. म्हणजे बिघाड नेहमी दुरुस्तच करावा असं नाही. पण तो आपल्या मर्जीनं चालू-बंद झाला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरी हळू आवाजात बसवलेला पॅच मंचावर चालत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही, कानाचा आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं, की आवाज लहान असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण बास आणि ट्रेबल वाढवत बसतो आणि मंचावर तेच ढोलासारखं घुमतं, कानात टोचतं. त्यावर उपाय असा: शेवटच्या ईक्यूमध्ये १०० हर्ट्झच्या खालचं कापा, कारण ती जागा बास आणि ढोलकीची आहे, आणि ६ ते ७ हजार हर्ट्झच्या वरचंही कापा. मधले सूर थोडे वाढवा. एकट्यानं ऐकताना हा आवाज नाकातला आणि दरिद्री वाटेल. सगळ्यांबरोबर वाजताना तोच ऐकू येतो. 'झिंगाट'ची फर्माईश आली आणि समोर चारशे माणसं नाचायला लागली, की श्रीमंत आवाज कुठल्या कुठे बुडतो, हे मी बघितलंय.

डीलेची वेळ कानानं शोधत बसू नका. साठ हजाराला गाण्याच्या मिनिटाच्या ठोक्यांनी भागा. शंभर ठोक्यांच्या केरव्याला ६०० मिलिसेकंद, आणि त्याचा पाऊणपट म्हणजे ४५० घेतला तर डीले लयीतच पण ठोक्यांच्या मधे पडतो, गर्दी करत नाही. टॅपचं बटण असेल तर पायानं चार ठोके द्या, गणिताची गरज नाही. रिव्हर्ब मात्र निम्म्यावर आणा. सभागृह स्वतःचा रिव्हर्ब फुकट देतं.

शेवटी पातळ्या. साध्या आवाजाचा पॅच आणि डिस्टॉर्शनचा पॅच एकामागून एक वाजवा, साउंडवाल्याला मिक्सरचा काटा बघायला सांगा आणि दोन्ही सारखे करा. सोलोचा पॅच ३ ते ४ डेसिबलनं वर ठेवा. ही वाढ पॅचच्या शेवटच्या लेव्हलमध्ये द्या. ओव्हरड्राइव्हच्या गेनमध्ये दिलीत तर आवाज मोठा होणार नाही, फक्त आणखी फाटेल.

९. जपून ठेवा.

हे झालं की त्याच रात्री बॅकअप घ्या. बॉसला टोन स्टुडिओ, झूमला गिटार लॅब, बाकीच्या कंपन्यांचीही आपापली सॉफ्टवेअर आहेत. लॅपटॉपला यंत्र दिसतच नसेल तर आधी यूएसबी केबल बदला. मोबाइलच्या कित्येक केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांच्यातून माहिती जातच नाही. फर्मवेअर बदलायचं असेल तर इन्व्हर्टरवर बदला, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात मुळीच नको. मधेच लाइट गेली तर यंत्राची वीट होऊ शकते. फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय, तोही बॅकअपनंतर. माझे दोन महिने आठवा.

१०. पाऊस आणि दव.

आमच्याकडे पावसाळ्यात जॅक आतून काळवंडतात. यंत्र बंद ठेवून पिन दहा-बारा वेळा घाला-काढा, बरेचदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा. खोबरेल नको, शिलाई मशीनचं तेल नको. दोन्हीवर धूळ चिकटून महिन्याभरात लापशी होते. शरद पौर्णिमेच्या सुमाराला भेडाघाटला नर्मदा महोत्सव होतो. अशा नदीकाठच्या उघड्या मंचावर वाजवायचं असेल तर प्रोसेसरवर झाकायला प्लॅस्टिक न्या. रात्री दव पडतं आणि पायाची बटणं ओली होतात. तारा गारव्यानं चढतात, म्हणून प्रत्येक गाण्याआधी ट्यूनर.

एवढं करूनही यंत्र गप्प असेल तर ते खरंच बिघडलंय. दुरुस्तीला नेताना वहीतलं पान फाडून सोबत द्या: काय जोडलं होतं, काय बदललं, काय झालं. आणि अडॅप्टर घरी विसरू नका.